चिंचेखालचा ओटा

निवृत्त झालेल्या मराठीच्या प्राध्यापकाला लातुरात दोन कामं हमखास मिळतात: लग्नपत्रिकेचं शुद्धलेखन तपासणं आणि कुठल्यातरी समितीवर बसणं. पहिलं मी आनंदानं करतो, कारण ते पाच मिनिटांत संपतं. दुसऱ्यात मी तीन वर्षं बसलो आणि अजून पुरता उठलेलो नाही.

ही समिती एका भयकथालेखकाची स्मृती जपण्यासाठी होती. हा माणूस उदगीरच्या रेल्वे स्टेशनवर मालधक्क्याचा कारकून होता. दिवसा ज्वारीची, तुरीची पोती चढवून घ्यायची आणि उरलेल्या वेळात, रद्द झालेल्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर, कादंबऱ्या लिहायच्या. त्याच्या कादंबऱ्यांत बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगातून हात वर यायचा, किल्ल्याच्या भुयारात शिरलेली वरात परत यायची नाही. इतरांच्या भुतांना धुकं लागतं, अमावास्या लागते. याच्या भुतांना मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ पुरायची. मराठवाड्यात त्या वेळी रस्त्यावर खरंच कुणी नसतं, त्यामुळे वाचणाऱ्याला पटायचं.

तो गेला तेव्हा त्याला चाहते नव्हते, वाचक होते. वाचक मयतीला येत नाहीत. पुस्तक परत करायला येतात. चाहते पुढं वीस वर्षांनी तयार झाले, पुस्तकं मिळेनाशी झाल्यावर.

समितीत माझी निवड कशी झाली तेही सांगून टाकतो. नोकरीत असताना एका चर्चासत्रासाठी मी करमणुकीच्या साहित्याच्या मर्यादांवर निबंध लिहिला होता. त्यात या माणसाची मी चार ओळींत वासलात लावली होती. त्या चार ओळी कुणाच्या तरी प्रबंधाच्या संदर्भसूचीत गेल्या, सूची समितीच्या अध्यक्षांच्या हाती लागली आणि त्यांनी भर सभेत जाहीर केलं, "सरांचं यांच्यावर मोठं संशोधन आहे." त्यांनी निबंध वाचला नव्हता. मी खुलासा केला नाही. तोवर माझ्या अंगावर शाल पडली होती, आणि शाल पडलेला माणूस सहसा खुलासे करत नाही.

अध्यक्ष लातुरात शिकवणीवर्ग चालवायचे. गुणवंतांच्या फोटोंचे फ्लेक्स लावायची त्यांची सवय जुनी होती. लेखकाचाही एक फ्लेक्स त्यांनी करून घेतला, त्यात तो कोणत्यातरी प्रवेशपरीक्षेत पहिला आल्यासारखा दिसायचा. खरा चाहता म्हणजे सचिव. नांदेडला वजिराबादच्या मागे त्यांचं पुस्तकं भाड्यानं द्यायचं वाचनालय होतं. आता पुढच्या अर्ध्या भागात त्यांची सून मोबाइलची कव्हरं विकते, आणि मागच्या अर्ध्यात खाकी वेष्टणातल्या कादंबऱ्या भिंतीला लावून ठेवल्या आहेत. सचिवांना लेखकाच्या सगळ्या कादंबऱ्या पाठ होत्या. वाचनालयात त्यांचा एक नियम होता: भयकथा किंवा रहस्यकथा देताना शेवटची आठ पानं ते टाचणीनं बंद करून द्यायचे. पुस्तक परत आलं की टाचणी निघाली आहे का, एवढंच नाही, तर कधी निघाली असावी हेही ते वाचकाच्या तोंडाकडं बघून सांगायचे.

"शेवट आधी वाचणारा मानूस मी दारात वळखतो, सर," ते मला म्हणाले होते. "त्याला पुढचं पुस्तक देत नसतो मी."

मी शेवट आधी वाचणाऱ्यांतला. पण तेव्हा मी गप्प बसलो.

समितीच्या बैठका कधी लातूरला, कधी नांदेडला. पंख्याखालची खुर्ची अध्यक्षांची. बैठकीचा पहिला तास पुढच्या कार्यक्रमात कुणाकुणाचा सत्कार करायचा यावर जायचा, दुसरा तास मागच्या कार्यक्रमात कुणाचा राहून गेला यावर. पुस्तकं पुन्हा छापावीत असा विषय मी दोनदा मांडला. दोन्ही वेळा चहा आला. शेवटी स्मारकाचं ठरलं. लेखक लिंगायत, त्यांच्यात जाळत नाहीत, समाधी देतात. समाधी त्याच्या घरच्या रानात, उदगीरहून देवणीकडं जाताना लागणाऱ्या एका गावाच्या शिवारात. तिथं पंधरा फूट बाय पंधरा फूट चौथरा बांधायचा, ग्रॅनाइट बसवायचं, मधोमध दगडाचं उघडं पुस्तक. अध्यक्षांना उद्घाटन अमावास्येला मध्यरात्री हवं होतं. मांडववाल्यानं नकार दिला, म्हणून सकाळी अकराची वेळ धरली.

चौथऱ्याआधी लेखकाच्या पत्नीचा सत्कार करणं आलं. आम्ही उदगीरला गेलो. बाई ऐंशीच्या पुढच्या. पुतण्याचं भुसार मालाचं दुकान, दुकानाच्या मागं घर, घराच्या मागच्या खोलीत त्या. सगळे त्यांना अक्का म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. गुडघे गेलेले, पण कान शाबूत. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला, फोटोसाठी दोन्ही परत काढून घेऊन पुन्हा एकदा दिले. मग चौथऱ्याचं चित्र उलगडून दाखवलं.

अक्कांनी चित्र नीट बघितलं. "शरणार्थ, लई चांगलं केलं," त्या हात जोडून म्हणाल्या. "फकस्त एक ध्यानात ठिवा. ह्यांच्या डाव्या हाताला माझी जागा हाय. ती मोकळी ऱ्हाऊ द्या. तिथं सिमेंट घालू नका."

"अक्का, तुमचं नाव टाकू की फरशीवर," अध्यक्ष म्हणाले. "सोनेरी अक्षरात."

"नाव नगं. जागा पायजे."

"हो हो, बघू ना."

"बघू न्हाई, बाबा. माझं आता किती राहिलंय? चाळीस वर्सं ह्यांच्या शेजारी बसून दिव्याची काच पुसली मी. आता दुसरीकडं कुठं नेऊन बसवू नका मला."

अध्यक्ष मोबाइलमध्ये फोटो तपासत होते. अक्कांनी मग खोलीत नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. का ते माहीत नाही. बहुधा मी एकटाच रिकामा बसलो होतो. "सर, तुमी लिवून घ्या," त्या म्हणाल्या.

मी लिहून घेतलं. बैठकीच्या इतिवृत्तात मुद्दा क्रमांक चार म्हणून घातलं: डावी बाजू मोकळी सोडावी. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं, म्हणजे न वाचता कायम करण्यात आलं. तीस वर्षं महाविद्यालयात काढलेल्या माणसाला याचं आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. वाटलंही नाही. नुसता थकवा आला.

त्या दिवशी अक्कांच्या खोलीत एक गोष्ट राहून गेली, ती पुढं महागात पडली. रानात समाधी नेमकी कुठं आहे, हे कुणी विचारलंच नाही. आम्हा प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याला माहीत असेल. अक्कांना वाटलं, एवढी वाचणारी माणसं, चौकशी करूनच आली असतील.

जागा आखायला आम्ही मे महिन्यात गेलो. पुतण्यानं दुकानातूनच परवानगी दिली होती: "बांध सोडून कुठंबी बांधा." रान बटईनं, पिकाच्या वाट्यावर कसायला दिलेलं, बटईदार दोन वर्षांपूर्वीच आलेला, त्याला जुनं काही माहीत नव्हतं. रानात एक विहीर होती, विहिरीजवळ वाळक्या गवतात चार धोंडे पडले होते. आणि दूर, वरच्या अंगाला, एक मोठी चिंच होती. तिच्याखाली माती-दगडाचा जुना ओटा. त्यावर कधीकाळी हळद लावल्याचे डाग.

सचिव ओटा बघताच थांबले. चप्पल काढली. "हेच," ते म्हणाले.

"कशावरून?" मी विचारलं.

"सर, शेवटची कादंबरी! त्यातला कारकून मित्राला सांगतोय बगा, की मी गेल्यावर मला चिंचेखाली ठिवा, तिथं दुपारी बी गार असतंय. आपल्यासाठीच लिवून ठेवलंय की त्यानं."

"ती कादंबरी आहे," मी म्हणालो. "त्याच कादंबरीत तो कारकून मेल्यावर तिकिटंही देतो. अक्कांना एकदा विचारून घेऊ."

"समाधीच्या दिवशी बायामान्सं रानात येतेत का? त्यांना काय ठावं?"

ओटा लांबच लांब होता. माणसाच्या उंचीपेक्षा चांगला तीन हात जास्त. मी तेही म्हटलं. सचिव म्हणाले, "उंच असतील ते." समितीजवळच्या एकुलत्या एका फोटोत लेखक स्टेशनमास्तरच्या खांद्याला लागतो. पण अध्यक्ष म्हणाले, "मोठी माणसं मोठ्या जागेतच राहतात, सर," आणि टेप सोडली. मी आणखी भांडायला हवं होतं. पाठभेद, संहितेचा पुरावा वगैरे मी आयुष्यभर शिकवलं. पण मला तहान लागली होती, आणि सावली त्या चिंचेचीच होती.

चौथरा दोन महिन्यांत उभा राहिला. ओट्याच्या चारी बाजूंनी फरशी, डावी बाजू धरून. अध्यक्षांनी व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला, त्याखाली सदतीस जणांनी हात जोडले. मी तो फोटो मोठा करून छापून घेतला आणि उदगीरची बस पकडली. मुद्दा क्रमांक चारबद्दल माफी मागायला कुणीतरी जायला हवं होतं.

"अक्का, डावी बाजू राहिली नाही," मी म्हणालो. "मी लिहिलं होतं. कुणी वाचलं नाही."

त्यांनी फोटो घेतला, खिडकीकडं धरला. बराच वेळ बघितला. मी त्यांच्या तोंडाकडं बघायचं टाळून पलंगाखालच्या पेटीकडं बघत बसलो.

"ही कुठली जागा?"

"तुमच्या रानातली. चिंचेखालची."

"बरं. आन् हितं कोन हाय म्हनता तुमी?"

 अक्कांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. मी पाण्याचा तांब्या उचलला. मग त्यांचा आवाज फुटला.

"अगाई! शेवऱ्याला फरशी बसवली की रे बाबांनो!"

हसता हसता त्यांना ठसका लागला, पुतण्या दुकानातून धावत आला, त्यांनी त्याच्यापुढं फोटो नाचवला. तोही फोटो बघून दाराच्या चौकटीला धरून हसायला लागला. शेवऱ्या म्हणजे त्यांचा बैल. देवणी जातीचा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. वासरापासून वाढवलेला. लेखक दर रविवारी रानात जायचा तो खिशात गुळाचा खडा घेऊन. बैल म्हातारा होऊन मेला तेव्हा त्याला चिंचेखाली पुरलं, वर ओटा केला, अक्कांनी गावाला पुरणपोळी घातली.

"तीन दिस कामावर गेले न्हाईत हे," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "सायबानं इचारलं, घरात कोन गेलं? तर म्हनले, थोरला गेला. सायबानं रजा दिली की."

मग त्या एकदम शांत झाल्या आणि मला म्हणाल्या, "सर, आमच्यात मानूस बसवतेत. निजवीत न्हाईत. खड्डा चौकोनी असतोय, आत मांडी घालून बसवतेत, हातात लिंग देतेत. एवढा लांब ओटा बगून एकाला बी कळलं न्हाई?"

नाही कळलं. अध्यक्षांना नाही, सचिवांना नाही, मला नाही. शेजारच्या लिंगायतांच्या मयतीला आम्ही आयुष्यभर दारातून हात जोडून परत आलो होतो.

"हे विहिरीपाशी हायेत," अक्का म्हणाल्या. "चार धोंडे हायेत बगा. मीच म्हनलं, वर काय बांधू नका, माझ्या वक्ताला शेजारी उकरावं लागंल."

"मग आता समितीला सांगायला हवं."

"सांगून?"

"सांगून, म्हणजे, ते चौथरा चिंचेखालून विहिरीपाशी..." मी बोलता बोलता थांबलो.

"हां. तिथं बी पंधरा फूट घालतील. तुमी एवढे शिकल्याले, सर, आन् हे मला सांगावं लागतंय?" त्यांनी फोटो उशीखाली सारला. "मी तिथं जाऊन बसेस्तोवर गप ऱ्हावा. मग काय बोंबलायचं ते बोंबला."

मी गप्प राहिलो. ते वाटतं तितकं सोपं नव्हतं. उद्घाटनाला मांडव, माइक, रांगोळी. पुतण्या मंचावर बसला होता आणि शाल घेताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही; व्यापारी माणूस. अक्का गुडघ्यामुळं येऊ शकत नाहीत असं जाहीर झालं. अध्यक्षांनी चौथऱ्याला हार घातला आणि शिकवणीवर्गाच्या निकालाबद्दल दोन शब्द बोलले. मग मला उभं केलं. मी निबंधातल्या त्या चार ओळींचं सांगून टाकलं. सांगितलं की मी हा लेखक तुच्छ ठरवला, पण अकरावीत असताना त्याची जिनिंगची कादंबरी इतिहासाच्या पुस्तकात घालून वाचली होती आणि नंतर कितीतरी दिवस सरकीच्या ढिगाजवळून एकटा गेलो नव्हतो. तेवढी भीती मला कुठल्याही मान्यवर लेखकानं घातली नाही. समितीत मी पहिल्यांदाच खरं बोलत होतो, आणि बैलापुढं बोलत होतो.

खाली बसलो तेव्हा सचिव चौथऱ्यावर डोकं टेकवून रडत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, ओक्साबोक्शी. तिथं मला खरी लाज वाटली. अध्यक्षांना फसवताना काही वाटत नव्हतं. पण त्या माणसानं टाचण्या लावून या पुस्तकांची चाळीस वर्षं राखण केली होती, आणि मी त्याला चुकीच्या दगडावर रडू देत होतो. दोनदा मी उठलो. दोनदा मला विहिरीजवळचं गवत दिसलं आणि मी बसलो. मंडपात जिलेबी वाटायला सुरुवात झाली होती.

अक्का त्याच हिवाळ्यात गेल्या. पुतण्याचा फोन सकाळी आला. मी लातूरहून पोचलो, सचिव नांदेडहून मिळेल त्या बसनं आले. अध्यक्षांनी श्रद्धांजलीचा संदेश पाठवला, सोबत स्वतःचा फोटो.

रानात दुपारी पोचलो. अक्कांना खुर्चीवर बसवून आणलं होतं, कपाळाला भस्म, गळ्यात फुलं. माणसं चिंचेकडं वळली नाहीत, सरळ विहिरीकडं गेली. सचिव माझ्या शेजारी होते. "तिकडं कामून चालले?" ते पुटपुटले. मी माणसांच्या मागं चालत राहिलो.

चार धोंड्यांच्या डाव्या हाताला खड्डा तयार होता. चौकोनी. आतल्या भिंतीत कोनाडा. जंगमांनी मंत्र म्हटले, बेलपत्रं सोडली, अक्कांना आत मांडी घालून बसवलं. घराच्या ओट्यावर येऊन बसावं तशा त्या बसल्या. सचिवांनी खड्ड्याकडं बघितलं. मग चार धोंड्यांकडं. मग वर, चिंचेकडं, जिथं ग्रॅनाइट उन्हात चमकत होतं. आयुष्यभर रहस्यकथा वाचलेला माणूस तो. त्याला फार वेळ लागला नाही.

माती लोटून झाली, माणसं पांगायला लागली, तेव्हा ते विहिरीच्या काठावर बसले.

"सर, खड्डा चौकोनी हाय."

"हो."

"फोटोत ते स्टेशनमास्तरच्या खांद्याला लागत होते."

"हो."

"मग तिकडं कोन हाय?"

"बैल. शेवऱ्या. त्यांचा लाडका होता."

ते खाली बघत राहिले. एका काडीनं मातीत रेघा ओढत होते. "तुमाला कवापासून ठावं?"

"उद्घाटनाच्या आधीपासून."

"मी रडलो तवा?"

"तेव्हाही."

"आन् तुमी बगत बसला."

"त्यांना ही जागा हवी होती," मी म्हणालो. "सांगितलं असतं तर इथंही चौथरा झाला असता."

त्यांनी मान वळवून ओल्या मातीकडं बघितलं, जुन्या धोंड्यांकडं बघितलं. दोन्हींच्या मध्ये हातभर अंतर होतं. पुतण्या तिथं बेलाचा पाला सारखा करत होता.

"शेवट आधी वाचला तुमी," सचिव म्हणाले. "पयल्या दिवशीच वळखायला पायजे होतं मी."

 त्यांचं बरोबर होतं.

"आता अध्यक्षांना सांगायचं का?" मी थोड्या वेळानं विचारलं. "अक्कांनी मला मोकळीक दिली आहे. त्या बसल्या आता. सचिव तुम्ही आहात, तुम्ही ठरवा."

त्यांनी काडी विहिरीत टाकली आणि गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले. "न्हाई सांगायचं," ते म्हणाले. "टाचणी लावून ठिवू."

त्यानंतर समितीचे दोन वार्षिक कार्यक्रम झाले. अध्यक्ष चौथऱ्याला हार घालतात, नारळ फोडतात, भाषण करतात. चौथऱ्यावर पत्र्याचं छत घालायचा विषय सध्या मंजुरीला आहे. मी विरोध केला नाही, शेवऱ्याला सावली चालेल. खोबरं वाटून झालं की सचिव हात धुवायला विहिरीवर जातात. विहिरीला हल्ली पाणी नसतं. ते बराच वेळ तिथं उभे राहतात, आणि त्यांनी घरून आणलेली फुलं येताना हातात नसतात. मी चिंचेखाली खुर्चीवर बसून त्यांची वाट बघतो. मला अलीकडं चालवत नाही.